भिंत नसलेले खालू

मला अरबी येतं, असं मी एकोणिसाव्या वर्षी दुबईतल्या एका अख्ख्या गल्लीला सांगून ठेवलं होतं. येत काही नव्हतं. लहानपणी गावच्या मशिदीशेजारी बसून कुराण दोनदा वाचून संपवलं होतं, एकही अक्षर न चुकता. वाचता येतं म्हणजे येतंच, इतकी माझी अक्कल. अर्थ विचारायची आमच्याकडे पद्धत नव्हती. त्यात सातवी पास. त्यात नवी नवरी. एवढं सगळं एकाच बाईत जमलं की तिच्या डोक्यात किती हवा भरते, हे ज्यांच्या घरात अशी सून आली आहे त्यांना सांगायला नको. गल्लीतल्या बाकीच्यांनी ते ऐकलं आणि सोडून दिलं. विश्वास ठेवला तो एकट्या इस्त्रीवाल्या खालूंनी. तो त्यांना केवढ्याला पडला, ते आता ऐंशी पार केल्यावर लिहिते आहे. हसायला आलं तर हसा. मीही हसते.

खालू म्हणजे आमच्या ह्यांच्या खालाचे, मावशीचे, घरवाले. खाला गावी, दाभोळच्या खाडीवर. खालू इकडे एकटे. त्यांच्याशी बोलायला गेलं की आधी ते वास घ्यायचे. मान जरा वर, नाकपुड्या फुगलेल्या, डोळे मिटलेले. दोन-तीनदा हुंगून झालं की मग, "हां, बोल गो सूनबाय." मला वाटलं, माझ्याच अंगाला वास येतो की काय! दोन दिवस मी अत्तर चोपडून फिरले. तिसऱ्या दिवशी हे म्हणाले, "अगं, ते तुझा वास घेत नाहीत, धुराचा घेतात." तेव्हा माझं लक्ष वर छपराकडे गेलं. खजुराच्या झावळ्या. भिंती? खजुराच्या झावळ्या. शेजाऱ्याच्या, त्याच्या शेजाऱ्याच्या, थेट खाडीपर्यंत. आणि त्या झावळ्यांच्या पोटात खालू दिवसभर जळते निखारे घेऊन बसायचे. कोळशाच्या चार जड इस्त्र्या, सकाळी पेटायच्या त्या तिसऱ्या प्रहरी असरच्या नमाजापर्यंत गरम. त्या दिवसापासून मीही हुंगायला लागले.

आधी ते जहाजावर लाँड्रीत होते. साहेबलोकांच्या कॉलरी कडक करण्यात सतरा वर्षं गेली, मग एका फेरीला दुबईच्या किनाऱ्यावर उतरले ते उतरलेच. मी सांगते ती गोष्ट त्यानंतर दहा-अकरा वर्षांची, चौसष्ट-पासष्टची. अमिराती हे नाव तेव्हा नव्हतं आणि माझी नात आज ज्या अल मनखूलमध्ये सातव्या मजल्यावर राहते तिथं बकऱ्या चरायच्या. खालू कपड्याला हात लावून सांगायचे, हा माणूस डावऱ्या हाताचा आहे, हा भांडून आलेला आहे, ह्याला मधुमेह आहे. मी म्हणायची, "काहीतरीच!" ते म्हणायचे, "कापड माणसापेक्षा बरं गो. चटका बसला की लगेच पिवळं पडून सांगतं. माणूस आतल्या आत ठेवतो."

धंदा म्हणाल तर सकाळी सुरू व्हायच्या आधीच त्याच्या वाटेत कोणीतरी आडवं पडलेलं असायचं. आधी पाणी. गल्लीतल्या विहिरी मचूळ. त्या पाण्यात धुतलेला पांढरा कंदुरा, म्हणजे तिथल्या पुरुषांचा तो पायघोळ झगा, वाळला की त्यावर मिठाचे नकाशे उमटायचे. गोडं पाणी गाढवावरून डब्यांत यायचं. प्रत्येक डब्यातला पहिला घोट खालू तोंडात घोळवायचे आणि पाणीवाल्याला विचारायचे, "ये कुएँ का है या तू रास्ते में रोया?" पाण्यानं सोडलं तर वारा. वाळूचा वारा उठला की दोरीवरचं सगळं धावत जाऊन काढायचं. मी मदतीला धावायची आणि नेमका ओलाच कंदुरा वाळूत पाडायची. ते ओरडायचे नाहीत. "पडला? पडू दे. आपण तरी कुठं उभे हाव?"

पण पाण्यापेक्षा, वाऱ्यापेक्षा त्यांना भीती वाटायची ती कागदाची. दुकानाचा परवाना अरबाबच्या नावावर होता. अरबाब म्हणजे तिथला मालक माणूस. त्याचं नाव असल्याशिवाय आपल्याला तिथं टाचणीसुद्धा विकता येत नसे. पाटीवर नाव त्याचं, जागा त्याच्या ओळखीची, आणि त्यानं एक दिवस हात झटकले तर पुढच्या बोटीनं मुंबई. तो परवाना खालू बिस्किटाच्या डब्यात ठेवायचे आणि महिन्यातून एकदा बाहेर काढून, इस्त्री अगदी कोमट करून, त्यावरून फिरवायचे. "अरबाबचं नाव चुरगळायला नको." मी एकदा थट्टेनं विचारलं, "खालू, मग तुमच्या नावावर काय आहे?" ते खोकले. मग म्हणाले, "हाच, खोकला."

दर जुम्म्याला ते अरबाबचे कंदुरे डोक्यावर घेऊन स्वतः पोचवायला जायचे. अरबाबच्या घरामागं एक कोठार होतं, प्रवाळाच्या दगडांचं, मोत्यांचा धंदा बुडाल्यापासून रिकामं. चार भिंती आणि दार. खालूंना ते भाड्यानं हवं होतं. भिंत असती तर निखाऱ्याची भीती गेली असती. भिंत असती तर वीजही मिळाली असती. वीज आली होती गावात, पण ती भिंतवाल्यांकडे, झावळ्यांत तार कोण टाकणार? एवढंच एक विचारायचं होतं. परत आले की मी विचारायची, "काढलात विषय?"

"आज त्याचा मूड नव्हता."

पुढच्या जुम्म्याला, "आज पाहुणे होते."

त्याच्या पुढच्याला, "आज मूड लय चांगला होता. म्हटलं, कशाला खराब करा?"

मग एका दुपारी, जेवणं आटोपून भांडी पालथी घालत होते तेव्हा, खालू बाहेर आले. धूर दिसत नव्हता. आवाज नव्हता. फक्त वारा सुटला होता. त्यांनी मान वर केली आणि अगदी हळू म्हणाले, "आग."

ओरडा त्यानंतर ऐकू आला. खालूंनी चारही इस्त्र्यांवर वाळू ओतली, दोरीवरच्या गिऱ्हाइकांच्या ओल्या चादरी ओढल्या आणि आमच्या छपरावर फेकायला लागले. वाऱ्यानं प्रत्येक चादर दोनदा खाली यायची. मी काय वाचवलं म्हणाल तर आंब्याच्या लोणच्याची बरणी. ती छातीशी धरून मी थेट खाडीपर्यंत पळाले. ह्यांचा पासपोर्ट आत ट्रंकेत होता, तो आठवलासुद्धा नाही. भात शिजायला लागतो तेवढ्या वेळात घरांच्या दोन ओळी गेल्या. वारा फिरला म्हणून आमची राहिली, दुसरं काही कारण नाही. परत आलो तर पलीकडच्या ओळीतली एक बाई गरम राखेत बसून हातांनी राख चाळत होती. काय शोधतेस, हे विचारायची कोणाची छाती झाली नाही. संध्याकाळी कळलं, तिची दोन्ही मुलं बहिणीकडे सुखरूप होती. ते तिला सांगितलं तरी ती चाळतच राहिली.

आग एका चुलीतून लागली होती आणि ते सगळ्यांना ठाऊक होतं. तरी तिसऱ्या दिवशी कुजबुज सुरू झाली. निखारे तर इस्त्रीवाल्याकडे असतात, नाही का? कपडे येणं कमी झालं. समोरून येणारी माणसं गल्ली बदलायला लागली. मग बलदियाचा, म्हणजे नगरपालिकेचा माणूस आला, त्यानं खालूंच्या दाराच्या खांबावर तांबड्या रंगानं फुली मारली आणि म्हणाला, "चाचा, कोयले का काम दीवार के अंदर. रमजान से पहले. नहीं तो खलास."

"हाँ साब," खालू म्हणाले. "हाँ साब. हाँ साब."

तो गेल्यावर माझ्याकडे वळले. "काय म्हणाला गो?" त्यांना सगळं समजलं होतं. त्यांना वाटत होतं, मी काहीतरी वेगळं सांगेन.

रमजानला एकवीस दिवस होते. त्या आठवड्यात मी त्यांना पहिल्यांदा कंदुरा जाळताना पाहिलं. पाठीवर मधोमध इस्त्रीचा डाग, आणि ते नुसते बघत उभे. अरबाबकडे गेले, फुलीचं सांगितलं आणि कोठाराचं नाव न काढताच परत आले. तो म्हणाला होता, "इन्शाल्ला." कोठारावर एका कापडवाल्या शेठचा डोळा आहे, हेही कानावर आलं. हे म्हणाले, "अरबाब कसले ठरवतात? त्या घरात बड्या अम्माचं चालतं." बडी अम्मा म्हणजे अरबाबची आई. पण तिच्यापुढं परका पुरुष जाऊ शकत नव्हता. बाई पाहिजे. बाई आमच्यात एकच होती.

"सूनबाय," खालू म्हणाले, "तुला अरबी येतंय ना?"

इथं मी खरं बोलायला हवं होतं. "येतं की!" मी म्हणाले.

"तरी एक वाक्य पाठ करून घे माझ्याकडनं. आणि तिथं बसायचं कसं, कॉफी..."

"खालू, मला शिकवता?"

माझ्या ओढणीला त्यांनी स्वतः तीनदा इस्त्री केली आणि मला अरबाबच्या फाटकापर्यंत सोडून, रस्त्याच्या पलीकडे भिंतीच्या सावलीत उभे राहिले.

आत गालिच्यावर बडी अम्मा बसली होती. तोंडावर तिकडच्या बायकांचा तो कडक निळसर-सोनेरी मुखवटा. नाक, गाल, ओठ, काहीच दिसेना. दोन डोळे तेवढे. ती हसते आहे की रागावली आहे, कळायला मार्ग नव्हता. ती काहीतरी म्हणाली. त्यातला मला 'अल्ला' तेवढा समजला, म्हणून मी म्हणाले, "आमीन." ती आणखी काही म्हणाली. मी म्हणाले, "आमीन." तिसऱ्या आमीनला शेजारी बसलेल्या धाकट्या सुनेनं ओठ चावला आणि हिंदीत म्हणाली, "अम्मा पूछ रही हैं, कितने बच्चे हैं." ही सून मुंबईत महंमद अली रोडवर वाढलेली निघाली. माझं सगळं अरबी तिथल्या तिथं संपलं आणि उरलं ते फक्त भय. कोठाराचं वाक्य हिंदीत जुळवायला गेले तर 'दीवार' हा शब्दच आठवेना.

मग कॉफी आली. बिनकानाच्या एवढ्याशा पेल्यात, पिवळी, वेलचीचा भपकारा मारणारी. ओठाला लावली तर काढा! साखर नावालासुद्धा नाही. न पिताच मी तो पेला समोर गालिच्यावर ठेवला.

सगळं थांबलं. कॉफी ओतणाऱ्या बाईचा हात वरच राहिला. बड्या अम्मानं माझ्याकडे बघितलं, पेल्याकडे बघितलं आणि ताठ बसली. हळूहळू, एकेक शब्द सुटा करून काहीतरी बोलली. सुनेचा आवाजही बदलला होता. "अम्मा पूछती हैं, क्या चाहिए? जो चाहिए, बोलो. मिलेगा."

मी पेल्याकडे बघितलं. मला वाटलं, कॉफीचंच विचारताहेत.

"थोडी शक्कर," मी म्हणाले.

"शक्कर?" सून पुढं वाकली. "बस? सिर्फ शक्कर?"

आणि मी, चांगल्या घरातली मुलगी, म्हणाले, "हाँ, बस. ज्यादा तकलीफ मत कीजिए."

सुनेनं ते अरबीत सांगितलं. बड्या अम्मानं पुन्हा पेल्याकडे बघितलं. मग तिनं मान हलवली. थोड्या वेळानं धुपाटणं फिरवत आणलं, माझ्या ओढणीखाली धूप दिला. मला काय वाटलं, केवढा हा मान! धूप फिरला की पाहुण्यानं उठायचं असतं, हेही मला दारात सुनेनं सांगितलं. फाटकाबाहेर खालू त्याच सावलीत उभे होते, पण वर बघायचीही त्यांची हिंमत नव्हती. मी ऐटीत सांगितलं, "पहिलीच भेट होती. खूप आदर केला. विषय पुढच्या वेळी काढते."

आम्ही गल्लीत पोचलो तर आमच्याआधी अरबाबचा माणूस पोचला होता. गाढवावरून त्यानं एक पोतं उतरवलं आणि दारात ठेवलं. साखरेचं. आख्खं.

खालू पोत्याजवळ गेले. त्याच्यावर हात ठेवला. मग मला विचारलं, "पेला खाली ठेवलास?"

"कडू होती हो फार."

"न पिता?"

"न पिता."

ते पोत्यावरच बसले. "इकडं पाहुण्यानं कॉफी न पिता खाली ठेवली, म्हणजे त्याला काहीतरी मागायचं हाय. मग घरवाल्यानं विचारायचं. आणि मागेल ते द्यायचं, काय वाट्टेल ते. पण ते एकदाच." त्यांचा आवाज अगदी साधा होता, कपड्याचा हिशोब सांगावा तसा. "मी तेच तुला सांगणार होतो. पेला ठेव, आणि कोठार माग."

हे म्हणाले, पुन्हा जाऊ, सांगू की पोरगी आहे, चुकली. खालूंनी मान हलवली. "एकदा मागितलं, मिळालं. आता परत गेलो तर मी भिकारी." रमजानच्या चार दिवस आधी कोठारात कापडवाल्या शेठचे तागे चढले. खालूंनी इस्त्र्यांतले निखारे शेवटचे विझवले, वाळूत पुरले, वर पाणी ओतलं आणि तरीही कितीतरी वेळ तिथं वाकून हुंगत राहिले. परवान्याचा कागद घडी न पाडता अरबाबला परत देऊन आले. साखर त्यांनी जळालेल्या दोन ओळींत वाटून टाकली. मला एक चिमूटही घेववली नाही.

अल ऐनला गोड्या पाण्याचे पाट आहेत, तिथं लष्कराच्या छावणीतल्या लोकांचे युनिफॉर्म असतात, असं कोणीतरी सांगितलं. साठीला टेकलेला माणूस चार इस्त्र्या घेऊन एका ट्रकच्या मागं बसला. तेव्हा रस्ता नव्हता, नुसती वाळू, आणि चाक रुतलं तर दोन दिवस कोणी येत नसे. पुन्हा नवा अरबाब, नवा कागद. मी रडत होते. ते ट्रकमधून म्हणाले, "अगो, तू कशाला रडतंस? मला भीती वाटताय ती माझी मला पुरे."

वर्षभरानं खाडी ओलांडायच्या होडीत मला कोणीतरी हाक मारली. अरबाबच्या घरातली धाकटी सून. अम्मा गेल्याचं तिनं सांगितलं. मग म्हणाली, "उस दिन अम्मा को मालूम था तुम क्यों आयी हो. पूरी गली को मालूम था. गोदाम की चाबी उनके तकिये के नीचे थी. मैंने बोला, अम्मा, बच्ची है, दे दो. बोलीं, बिना माँगे दूँ तो खैरात होगी. वो कारीगर आदमी है, खैरात कैसे दूँ?"

हे कोणाला सांगावं? ह्यांनाही सांगितलं नाही. त्या हिवाळ्यात आम्ही अल ऐनला गेलो, तेव्हा खालू एका मातीच्या खोलीत बसलेले होते. चार भिंती होत्या, दुसऱ्याच्या नावाच्या. खोकला वाढला होता. एक बाही इस्त्री करून झाली की दम खायला थांबावं लागायचं. ती आमची शेवटची भेट. पुढच्या उन्हाळ्यात ते तिथंच गेले आणि आम्हाला कळेपर्यंत मातीही देऊन झाली होती. पण त्या दिवशी हे नमाजाला बाहेर गेले तेव्हा मी सगळं बोलून टाकलं: सून, होडी, उशी, चावी. आता हा माणूस इस्त्री उचलून मारेल, असं मला खरंच वाटत होतं. मारावी, असंही.

खालूंनी इस्त्री कडेला उभी केली. समोरचा शर्ट नीट घडी घालून बाजूला ठेवला. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "तू एका दिवसात निदान साखर तरी मागितलीस, सूनबाय. मी अकरा वर्षं त्या दारात उभा राहिलो, मला तेवढंही मागता आलं नाय."